पंच क्रमांक एक

आमच्या कार्यालयात पोलीस ठाण्याचं पत्र आलं की त्या दिवशी जो टेबलाशी सापडेल त्याला जावं लागायचं. पत्राचा मजकूर ठरलेला असे. अमुक गुन्ह्याच्या तपासकामी दोन सरकारी पंच पाठवावेत. पंच म्हणजे पोलिसांनी काय केलं, काय जप्त केलं, ते डोळ्यांनी पाहणारा तिऱ्हाईत माणूस. सरकारी नोकर पंच असला की पुढे कोर्टात शब्द फिरवत नाही, असा पोलिसांचा अनुभव. मी पंचायत समितीत बाबू आहे, घरकुलाच्या फायली माझ्याकडे असतात. हिंगोली जिल्ह्यातल्या कोणत्या तालुक्यात, ते सांगत नाही, कारण तिथली माणसं अजून तिथंच आहेत.

तो मे महिना होता. त्या दिवशी मी आणि आमचा शिपाई असे दोघे सापडलो. मागच्याच आठवड्यात एका शेतात, आखाड्यावर म्हणजे रानातल्या खोपटात राहणाऱ्या म्हाताऱ्या शेतकऱ्याचा खून झाला होता आणि पोलिसांनी त्याच्याच सालगड्याला धरलं होतं. एवढं आम्हाला चहाच्या टपरीवर कळलेलं होतं.

ठाण्यात गेलो तेव्हा दुपारचे तीन वाजले असतील. तपास अधिकाऱ्यांनी पंख्याखाली खुर्च्या दिल्या, चहा मागवला. टेबलावर खाकी कागदात गुंडाळलेलं, लाखेचं सील लावलेलं काहीतरी लांबट ठेवलं होतं. शेजारी चार-पाच पानं लिहून तयार. अधिकारी म्हणाले, त्यानं कुऱ्हाड काढून दिली आहे, नाल्याच्या काठच्या बेशरमीच्या झुडपांत टाकली होती, आमचे लोक जाऊन घेऊन आले. मी विचारलं, आम्हाला जायचं नाही का? त्यांनी हसून सांगितलं, "एवढ्या उन्हात तुम्हाला कशाला तकलीफ द्यायची साहेब."

आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू. त्रेचाळीस अंश ऊन होतं आणि मला नाल्यापर्यंत जावं लागलं नाही याचं मला बरं वाटलं.

सह्या करताना भिंतीशी फरशीवर बसलेला माणूस मला दिसला. पंचवीस-सव्वीस वर्षांचा असेल. पायात चप्पल नव्हती आणि डाव्या पायाचा घोटा सुजून गोल झाला होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं. कुणीतरी शिकलेलं माणूस आलं की खेड्यातली माणसं बघतात तसं पाहिलं, आता हा काहीतरी विचारील अशा नजरेनं. मी विचारलं नाही. पानावर छापल्यासारख्या अक्षरात 'पंच क्रमांक एक' असं लिहिलं होतं, त्यापुढे सही केली, सीलवरच्या चिठ्ठीवर सही केली, आणि पाच वाजता घरी गेलो.

ऑगस्टमध्ये एक बाई माझ्या टेबलापुढे येऊन उभी राहिली. साठीच्या आतबाहेरची, उंच, काटक. कपाळाला कुंकू नव्हतं. हातात कापडाच्या दुकानातली पिशवी. मुलाच्या नावानं घरकुल मंजूर झालं होतं, जोत्यापर्यंत काम आलं होतं, आणि पुढच्या हप्त्यासाठी लाभार्थ्याचा जोत्यावर उभा राहिलेला फोटो लागत होता. ती म्हणाली, पोरगं न्हाई येऊ शकत, मला उभं करा त्याच्या जागी. मी नियम सांगितला. मग विचारलं, मुलगा कुठं आहे? ती म्हणाली, परभणीला. जेलात.

मी फाईल काढली. नाव वाचलं आणि गाव वाचलं. पुढं काही विचारायची गरज उरली नाही.

तिनं पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढला. पोलिसांनी कोर्टात दोषारोपपत्र दाखल केलं होतं आणि त्याची प्रत आरोपीला फुकट द्यावी लागते, म्हणून ती मुलाला मिळाली होती. त्यानं ती भेटीच्या दिवशी आईकडे पाठवली. कुणाकडून तरी वाचून घे म्हणाला. त्याआधी गावातल्या एकानं तिला सांगितलं होतं की नव्वद दिवसांत पोलिसांनी हे कागद दिले नाहीत तर आरोपीला जामिनावर सोडावं लागतं. तिनं दिवस मोजले होते. चार दिवस राहिले असताना कागद दाखल झाले.

"साहेब, तुमी वाचून सांगा. समदं सांगा, मला वाईट वाटंल म्हणून काही ठिवू नका."

जेवणाची सुट्टी झाली होती, खोलीत कुणी नव्हतं. मी तिला समोर खुर्ची दिली. ती खाली बसत होती, मी आग्रहानं खुर्चीवर बसवलं. मग एकेक पान वाचत गेलो. फिर्याद वाचली, घटनास्थळाचा पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल. जखमांचं वर्णन आलं तेव्हा तिनं डोळे मिटले. म्हणाली, म्हाताऱ्यानं माझ्या लेकराला कधी उपाशी नव्हतं ठिवलं. मग माझं पान आलं. आरोपीनं पंचांसमक्ष स्वखुशीनं निवेदन केलं की, चला, मी कुऱ्हाड लपवलेली जागा दाखवतो. खाली माझी सही, हुद्दा, कार्यालय.

ते पान मी उलटलं. तिला म्हणालो, हा जप्तीचा कागद आहे, कुऱ्हाड सापडली असं लिहिलंय. तिनं विचारलं, "कुनी पायली?" मी म्हणालो, दोन माणसं होती. तिनं मान हलवली. मी पुढचं पान वाचायला घेतलं.

त्यानंतर ती सुरुवातीला महिन्या-दोन महिन्यांनी येत राहिली. कधी कागद घेऊन, कधी नुसतीच. तिला वकील द्यायचा होता आणि ते तिच्या आवाक्यातलं नव्हतं. जेलमधल्या कुणीतरी मुलाला सांगितलं होतं की सरकार वकील देतं. पण तिनंच त्याला नको म्हणून निरोप दिला होता. म्हणाली, सरकारच त्याच्यावर उलटलंय, मग सरकारचा वकील त्याचं काहून ऐकंल? मी तिला समजावलं की आरोपीच्या विरुद्ध बोलतो तो सरकारी वकील वेगळा आणि गरीब आरोपीच्या बाजूनं बोलायला विधी सेवेकडून मिळतो तो वकील वेगळा. तो फुकट मिळतो, आणि तो मागणं हा आरोपीचा हक्क आहे, भीक नाही. अर्ज मीच लिहून दिला. तिचा अंगठा घेतला, मुलाच्या सहीसाठी अर्ज परभणीला गेला.

त्या दिवशी घरी येताना मला वाटलं, आपण थोडंफार फेडलं. माणूस स्वतःला किती लवकर माफ करतो.

विधी सेवेकडून मिळालेली वकील तरुण बाई होती, हिंगोलीच्या कोर्टात चार-पाच वर्षं काम करणारी. तिनं माझं नाव कागदावर वाचलं होतं आणि अर्ज कुणी लिहून दिला हे तिला आरोपीच्या आईनं सांगितलं होतं. दोन्ही नावं एकच आहेत हे लक्षात यायला तिला वेळ लागला नाही. तिनं मला फोन केला नाही. साक्षीदाराला आपण होऊन गाठणं तिला बरोबर वाटलं नसावं. मीच एका शनिवारी तिच्याकडे गेलो. कोर्टाच्या आवारातल्या पत्र्याखाली तिचं टेबल होतं. मी काही कबूल केलं नाही. फक्त विचारलं, त्या एका कागदाला एवढं महत्त्व का आहे?

तिनं माझ्याकडे थोडा वेळ पाहिलं. मग एखाद्या विद्यार्थ्याला सांगावं तसं सांगितलं. पोलिसांपुढे आरोपीनं काहीही कबूल केलं तरी ती कबुली कोर्टात चालत नाही. कायदा करणाऱ्यांना ठाऊक होतं की कोठडीत कबुली कशी निघते. आरोपीला गप्प राहण्याचा हक्क आहे, त्याच्याकडून त्याच्याच विरुद्ध वदवून घेता येत नाही. मात्र त्याच्या सांगण्यावरून एखादी वस्तू खरोखर सापडली, तर सांगण्यातला तेवढाच भाग धरला जातो. "या केसमध्ये मारताना कुणी पाहिलेलं नाही. कुऱ्हाड त्यानं काढून दिली हा एकच पुरावा त्याला खुनाशी बांधतो. आणि त्यानं ती काढून दिली हे सांगणारे दोनच लोक आहेत."

मी म्हणालो, एक.

मी तिला सगळं सांगितलं. तिनं लिहून घेतलं नाही. एवढंच म्हणाली की जे आहे ते कोर्टात सांगा, त्याआधी त्याचा उपयोग नाही. आणि ते सांगितल्यावर तुम्हाला त्रास होईल हेही धरून चाला.

जामीन नामंजूर झाल्याचा आदेश घेऊन आई आली तेव्हा दिवाळी झाली होती. तोही मीच वाचला. हत्यार आरोपीनं पंचांसमक्ष काढून दिलेलं असल्यानं त्याचा सहभाग प्रथमदर्शनी दिसतो, असं त्यात होतं. या खेपेला मी ती ओळ गाळली नाही. मात्र तिच्याकडे न बघता वाचली. ती म्हणाली, त्या दोन मानसांनी खरंच पायलं असंल तर देव त्यांचं भलं करो, आन् न्हाई पायलं तर त्यांना त्यांची लेकरं दिसू द्या. तिला शाप देता येत नव्हता. शाप देण्याच्या जागी ती असंच काहीतरी बोलायची.

पौषात तिनं हुरडा आणला. कुणाच्या तरी रानात निंदायला जात होती, तिथला. जवारीचा, हिरवा, अजून कोमट, फडक्यात बांधलेला. सोबत तिळाची चटणी. "तुमच्यासारकं वाचून सांगणारं कुनी भेटलं न्हाई मला," म्हणाली. मी तो टेबलावरच खाल्ला, कारण ती बघत उभी होती. बायकोला त्या सहीचं ठाऊक होतं; घरी हुरड्याचं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, आता तरी सांगा तिला. मी म्हणालो, पुढच्या वेळी सांगतो.

पुढच्या वेळा बऱ्याच आल्या. ती दर पंधरा दिवसांनी मुलाला भेटायला परभणीला जायची आणि परत आली की माझ्याकडे येऊन सांगायची. वाटेवरच्या जवळा बाजार गावात बाजाराचा दिवस असला की गाडी कशी भरते, तिथून उभ्यानं जावं लागतं. जेलात काचेतून बघायला मिळतं आणि फोनवर बोलायचं असतं. तिला फोन कानाला उलटा लागायचा आणि मग मुलगा पलीकडून हातानं दाखवायचा, सरळ धर. तेवढ्यात दोन मिनिटं जायची. तो बारीक झालाय. त्याच्या घोट्याला थंडीत कळ येते.

तिसऱ्या पावसाळ्यात ती दोन महिने आली नाही. मग तिच्या गावचा ग्रामसेवक कामासाठी आला होता, त्यानं सांगितलं. तापानं गेली. चारच दिवस अंथरुणावर होती. माहेर साखरा गावचं, तिथल्या भावानं येऊन पाणी दिलं.

त्या वर्षी अपूर्ण घरकुलांची यादी वर पाठवायची होती. लाभार्थी उपलब्ध नाही, अशा शेऱ्याखाली तिच्या मुलाचं नाव आलं. मी ती यादी पाठवली. दुसरं काही करता आलं असतं का, याचा मी तेव्हा विचारही केला नाही.

साक्षीचं समन्स आलं ते त्याच हिवाळ्यात, सहीनंतर अडीच वर्षांनी. शिपाई आणि मी एकाच मोटारसायकलवर गेलो. वाटेत तो म्हणाला, त्याची नोकरीची दोनच वर्षं राहिली आहेत, तो 'हो' म्हणणार आहे, मी काय म्हणायचं ते माझं मी बघावं. त्याच्यावर मला राग आला नाही. कोर्टाच्या व्हरांड्यात एका हवालदारानं आमच्या हातात पंचनाम्याची झेरॉक्स दिली आणि म्हणाला, नीट वाचून घ्या, विसरायला झालं असेल.

शपथ घेतली. आरोपी मागच्या बाजूला कठड्यात उभा होता. साक्ष त्याच्या समक्षच व्हावी लागते, हाही त्याचा हक्क. मी एकदा पाहिलं. दाढी वाढलेली, अंगात कुणाचा तरी मोठा सदरा. सरकारी वकिलांनी कागद दाखवला आणि सही तुमची का, असं विचारलं.

"सही माझी आहे. मजकूर माझ्यासमोर लिहिलेला नाही. आरोपी माझ्यासमोर काहीही बोललेला नाही. मी नाल्यावर गेलो नव्हतो."

सरकारी वकिलांनी मला फितूर ठरवण्याची परवानगी मागितली आणि उलट विचारायला सुरुवात केली. आरोपीच्या आईशी माझी ओळख होती हे खरं का? खरं. ती कार्यालयात येत असे हे खरं का? खरं. तिचे अर्ज मी लिहून दिले हे खरं का? खरं. मग तिच्या मुलाला वाचवण्यासाठी मी आज खोटं बोलतो आहे. मी म्हणालो, नाही. पण ते 'नाही' ऐकताना मलाच ते कच्चं वाटलं. तिच्यासाठी मी जे काही केलं होतं ते सगळं आता माझ्या खरेपणाच्या विरुद्ध उभं होतं.

मग न्यायाधीशांनी स्वतः विचारलं. आवाज चढवला नाही. "पाहिलं नव्हतं तर तुम्ही सही का केलीत?"

मी म्हणालो, सगळेच करतात म्हणून. लिहून घेणाऱ्यानं ते तसंच टंकलं.

बाहेर आलो तर जिन्याखाली एक माणूस उभा होता. चाळिशीचा, पांढरा सदरा, गळ्यात उपरणं. मेलेल्या शेतकऱ्याचा मुलगा. मला वाटलं तो अंगावर येईल. तो आला नाही. म्हणाला, "तुमी त्या दिवशी नीट पायलं असतं, तर त्यानं मारलं का न्हाई, एवढं तरी आमाला कळलं असतं. आता आमाला कधीच कळनार न्हाई." आणि चपला घालून निघून गेला.

हे मला तोवर कुणी सुचवलं नव्हतं. मी फक्त त्या आईचा विचार करत होतो. तिच्या मुलानं खून केला की नाही हे मला तेव्हा माहीत नव्हतं आणि आजही माहीत नाही. त्याच्या सांगण्यावरून कुऱ्हाड सापडली असेलही. मी उन्हात नाल्यापर्यंत गेलो असतो तर दोन घरांपैकी एकाला तरी खरं काय ते मिळालं असतं.

शिपायानं 'हो' सांगितलं होतं. दोन पंचांचं दोन तऱ्हांचं झालं. पुढे तीन महिन्यांनी निकाल लागला आणि संशयाचा फायदा मिळून तो सुटला. निकालाआधी न्यायाधीश आरोपीलाच प्रश्न विचारतात, पुराव्यात तुझ्याविरुद्ध हे हे आलं आहे, तुला काय म्हणायचं आहे? तिथं तो शपथेवर नसतो, उत्तर द्यायची सक्ती नसते. वकील बाईंनी मला नंतर सांगितलं की पन्नासएक प्रश्नांना त्यानं एकच उत्तर दिलं, खोटं आहे. शेवटी आणखी काही सांगायचं आहे का असं विचारलं तेव्हा म्हणाला, माय मेली तर मला दोन दिवसांनी कळवलं. त्याचा खटल्याशी काही संबंध नव्हता. तरी न्यायाधीशांनी ते लिहून घ्यायला सांगितलं.

मला कार्यालयाकडून कारणे दाखवा नोटीस आली. खुलासा दिला. एक वेतनवाढ थांबली, आणि पोलीस ठाण्याच्या पत्रावर माझं नाव पुन्हा कधी गेलं नाही.

सुटल्यावर महिन्याभरानं तो कार्यालयात आला. मी त्याला लगेच ओळखलं; त्यानंही ओळखलं. घरकुलाचं विचारायला आला होता. नाव कापलं गेल्याचं मी सांगितलं, नवा अर्ज करावा लागेल, यादीत कधी येईल सांगता येत नाही. त्यानं मान हलवली. जोत्यावर गावातल्या कुणीतरी कडबा रचलाय म्हणाला. मग उभ्या उभ्याच विचारलं, "तुमी कोर्टात खरं बोलले. तवाच काहून न्हाई बोलले? मी तिथंच तं बसलो होतो."

न्यायाधीशांना दिलेलं उत्तर त्याला द्यायची हिंमत झाली नाही. मी चूक झाली म्हणालो. तो शब्द टेबलावर पडून राहिल्यासारखा वाटला.

मग त्यानं विचारलं, "मायला ठाऊक होतं का, तुमी हाव म्हणून?"

"नाही. मी सांगितलं नाही."

मला वाटलं आता तो जाईल, आणि जावा असंही वाटलं. पण त्यानं समोरची खुर्ची ओढली आणि बसला. म्हणाला, ती पंधरा दिवसाला यायची, पण काचेतून काय बोलणं होतंय. वीस मिनिटं, त्यात फोन उलटा. इथं तुमच्याजवळ घंटा घंटा बसायची म्हणत होती. काय बोलायची?

मी कपाट बंद केलं आणि सांगायला लागलो. जवळा बाजारची गर्दी सांगितली. शेळी व्यायली तेव्हा तिनं पिलाला त्याचं लहानपणचं लाडाचं नाव ठेवलं होतं, ते त्याला माहीत नव्हतं. गुडघा दुखायचा, ते तिनं त्याच्यापासून लपवलं होतं. स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेला काढायची की नाल्याच्या बाजूला, यावर ती माझ्याशी तीनदा बोलली होती. तो मधे काही विचारत नव्हता. कधी एखादी गोष्ट पुन्हा सांगा म्हणायचा, आणि मी पुन्हा सांगायचो.